परसातलं पहिलं पिल्लू

हे गेल्यावर मुलगा मला पुण्याला न्यायला आला, तेव्हा शेजारणीकडून आणलेली खुडूक कोंबडी परसात अंडी उबवत बसली होती.

"आई, कोंबड्यांसाठी इथं एकटी राहणार?"

मी त्याला टोपलीपाशी नेलं. एका अंड्याला तडा गेला होता. आतलं पिल्लू चोच मारायचं, दमून थांबायचं, पुन्हा मारायचं. न राहवून तो कवच सोलायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"त्याचं त्याला येऊ दे."

माया करणाऱ्यालाच हात आवरणं फार जड जातं. ऊन कलताना ओलं पिल्लू बाहेर आलं, कोलमडलं, आणि उभं राहिलं.

"मी कुठंही येणार नाही," मी म्हणाले. "आलाच आहेस, तर खुराड्याला जाळी ठोकून जा."