मास्तरांची तेवीस मिनिटं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद न्हाणीघर आहे. भिंतीला बेसिन, त्यावर कडेने पारा उडालेला आरसा, आणि आरशावर एकच पिवळा दिवा. पण त्या दिव्याचा उजेड असा काही पडतो, की खाली उभा राहील तो नायकच वाटावा. आज तिथे बँडमास्तर उभे आहेत. वय एकाहत्तर, अंगात बनियन, मिशीला अजून पीळ. करपलेलं पातेलं घासायला घ्यावं, तसे ते दात घासताहेत.

चाळीस वर्षं मास्तरांनी बँडमध्ये ट्रंपेट वाजवलं. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर अजूनही वाजवतात. चार म्हातारे आणि खेळून दमलेली पोरं ऐकतात. मास्तरांना तेवढं पुरतं. ट्रंपेट ओठांवर टेकतं आणि ओठ पुढच्या दातांवर. तो आधार गेला की सूर गेला. आणि मास्तरांचा वरचा, पुढचा एक दात हलायला लागला होता.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवून पाहिलं. "कीड नाहीये, मास्तर. तुम्ही घासून घासून हिरड्या मागे रेटल्यात. असंच चाललं तर वर्षभरात दात पडेल."

"मग रविवारचं काय?"

"हात हलका केलात तर रविवार राहील."

मास्तर घरी येऊन म्हणाले, "जोर लावल्याशिवाय कधी काही स्वच्छ होतं का?"

परगावी असलेल्या लेकीने विजेचा ब्रश पाठवून दिला. त्याच्या गळ्याशी बारीक दिवा होता: हलक्या हाताने घासलं तर हिरवा, जोर लावला तर लाल. रोजची नोंद फोनवर उमटायची, वडिलांच्याही आणि तिच्याही. डब्यात ब्रशची दोन डोकी होती, एक संपलं की दुसरं लावायला.

पहिल्या दिवशी ब्रश तोंडात गेला आणि लाल झाला. दुसऱ्या दिवशीही लाल. आठवडा सरला, दिवा काही हिरवा होईना.

"पोरीने बिघडलेला ब्रश पाठवलाय," मास्तर म्हणाले.

"ब्रश धडधाकट आहे," बायको म्हणाली. "धरणारा बिघडलाय."

शनिवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, आज सकाळी दोन मिनिटं घासलंत, ती सगळी लाल. ते ठीक आहे, तुमचं नेहमीचंच. पण अकरा वाजता तेवीस मिनिटं काय घासत होता?"

मास्तरांनी टेबलावरचं ट्रंपेट हळूच आपल्याकडे ओढलं.

"आणि तेवीसच्या तेवीस मिनिटं हिरवी. एकदासुद्धा लाल नाही. मला वाटलं, ब्रश कुणी पळवला."

"दुसरं डोकं पडूनच होतं," मास्तर हळूच म्हणाले. "ट्रंपेटवरची नक्षी पुसली जरा. त्या वेलीच्या खाचांत फडकं जात नाही."

पलीकडे लेक इतकी हसली, की फोनपासून चार हात लांब बसलेल्या आईलाही ऐकू गेलं. मग हसू थांबलं. "म्हणजे तुमचा हात हलका आहे, बाबा. फक्त तुमच्या वाट्याला येत नाही."

फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ ट्रंपेट मांडीवर घेऊन बसले. रुंद तोंडाच्या कडेने कोरलेली ती पानाफुलांची वेल इतक्या वर्षांत झिजून केसासारखी बारीक झाली होती. तिला ते दोन बोटांनीच शिवायचे. फुंकर घालायचे, थांबायचे, उजेडात धरून पाहायचे. तोंडातल्या दातांना एवढ्या वर्षांत एकदा तरी असं पाहिलं होतं का? सकाळी उठायचं, दात-ओठ खात घासायचं आणि मोकळं व्हायचं. आपलंच तर आहे, त्याला काय जपायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रश मुठीत धरलाच नाही, दोन बोटांत धरला. दिवा लाल झाला. बोटं सैल केली. पुन्हा लाल. मग डोळे मिटून, वेलीचं एकेक पान आठवत ते दातामागून दात पुढे सरकले. डोळे उघडले तेव्हा आरशात हिरवा ठिपका दिसत होता.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दात चिमटीत धरून पाहिला. "गेलेली हिरडी परत यायची नाही. पण मागे सरायची थांबलीय. दातही आधीएवढा हलत नाही. वाजवा."

त्या रविवारी चौथऱ्यावर जायची वेळ झाली, कोटाची बटणं लागली, तरी मास्तर न्हाणीघरातून बाहेर येईनात. बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"अहो, लोक येऊन बसले असतील. आणि दात घासायला एवढं हळू काय चाललंय?"

मास्तरांनी ब्रश बाहेर काढला, चूळ भरली, आरशात वाकून त्या एका दाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "नक्षी आहे गं. पुसली गेली, तर पुन्हा कोण कोरून देणार?"