तांबडी आणि तिच्यासारखी दुसरी

कोंबड्यांना लस टोचत गावोगाव फिरलं की बाटल्या रिकाम्या होतात आणि किस्से साचत जातात. त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे असतात: ही कोंबडी कोणत्या जातीची?

झरीला एका मास्तरांनी मोठ्या मानानं कडकनाथ दाखवला. रंग काळाभोर, पण तुरा लालभडक. कडकनाथाचा तुराही काळा असतो. मी म्हणालो, "मास्तर, ही दुसरी जात हाय."

ते गंभीरपणे म्हणाले, "हळू बोला. कालच पाव्हण्यांना याचा भाऊ कडकनाथ म्हणून खाऊ घातलाय."

हसू नका, मीही फसलोय. पेडगावला कौसाबाईंच्या अंगणात एका तांबड्या कोंबडीला मी गावरान म्हणालो. कौसाबाईंची नजर पार गेलेली. त्यांनी कोंबडी मांडीवर घेऊन छातीवरून हात फिरवला.

"फार्माची हाय, डॉक्टर. गावरानाचं छातीचं हाड हाताला लागतंय. ही भरलेली हाय."

मग हाड चाचपायला त्यांनी स्वतःची गावरान तांबडी माझ्या हातात दिली. आईनं लग्नात दिलेल्या कोंबडीच्या वंशातली ती शेवटची. दिवसभर त्यांच्या मांडीवर असायची.

लस टोचायच्या दिवशी लोक लाडकी कोंबडी लपवतात. सुईनं अंडी बंद होतात अशी भीती. मी लस घेऊन पुन्हा गेलो तेव्हा कौसाबाईंच्या सुनेनं, सुनीतानं, तांबडीला डाल्याखाली झाकलं. डालं हललेलं मी पाहिलं. ऊन चढत होतं, पुढची घरं बाकी होती. बोललो नाही. ते अजून सलतं.

महिन्याभरात मानमोडीचा रोग आला. लस टोचलेल्या वाचल्या, तांबडी गेली. सुनीताचा फोन आला.

"डॉक्टर, आत्या सकाळधरनं तांबडीला हाका मारायल्यात. डाल्याखाली बसलीय म्हणून सांगितलंय. तसलीच एक आणून द्या."

आसपासच्या गावरान कोंबड्या रोगानं संपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी देवगाव फाट्याजवळच्या एका फार्मावरून रंगानं, पिसांनी हुबेहूब तशी आणली. कौसाबाई फसणार नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी सुनीतानं ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांचा हात पाठीवरून छातीवर आला आणि तिथंच थांबला. सुनीता चौकट धरून उभी होती. मी खाली बघत होतो.

हात पुन्हा पाठीवर नेत त्या म्हणाल्या, "तांबडीच हाय. जरा अंग धरलंय तिनं."

मग सुनेकडं तोंड केलं.

"तू जेव आधी. कालपासून तुझ्या ताटाचा आवाज न्हाई."