मेस्त्रींचा काउंटर

"हात लावून बघ, मेल्या. नुसत्या डोळ्यांना लाकूड कळत नाही," असं म्हणत मेस्त्री काउंटरच्या खालच्या अंगाने तळवा फिरवायचे. कुठल्याही जुन्या पबात शिरले की पहिलं काम हेच. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, आला तळीराम! पण दारूच्या थेंबाला हा माणूस कधी शिवला नाही. लिंबूसोडा मागवायचा, तोही अर्धा ठेवायचा.

मस्कतजवळ अल अमेरातच्या आमच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये ते हेडमेस्त्री, मी स्टोअर सांभाळणारा. सुट्टीवर कोकणात जाताना ते मुद्दाम वाट वाकडी करायचे. कधी गोव्यातला पोर्तुगीजांच्या वेळचा बार, एकदा तर कोलंबो. गावात मात्र कोणाला पत्ता नाही. "बारात जातो म्हटलं तर घरात घेतील काय?"

एकदा अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, लंडनच्या फ्लॅटमध्ये कपाटं बसवायला आम्हा दोघांना पाठवलं. तिथल्या दोनशे वर्षांच्या पबात मेस्त्री लाकडाचे सांधे बघायला गुडघ्यांवर बसले, ते थेट काउंटरखालीच शिरले. पबवाला धावत आला. त्याला वाटलं, चढली. मी म्हटलं, "मेस्त्री, लोक पिऊन पडतात, तुम्ही न पिताच?" बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले. "एक खिळा नाही रे. माझ्यातही नाही."

'माझ्यात' म्हणजे मस्कतच्या एका जुन्या हॉटेलच्या पबातला काउंटर. ऐन तिशीत त्यांनी एकट्याने केलेला. मुलाने एकदा येऊन त्यावर हात ठेवावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकून कॅनडाला गेला. बाप सुतार आहे हे त्याने मित्रांना कधी सांगितलं नाही. मेस्त्रींना ते माहीत होतं. आम्हालाही होतं, पण बोलणार कोण?

शेवटी तो आठवडाभरासाठी आला, तोही नेमका रमजानात. रमजानात बार बंद असतो, हे इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला कळत नव्हतं होय? तरी मुलाला घेऊन निघाले, मलाही ओढलं. "वॉचमन ओळखीचा आहे, यल्ला, चल!"

वॉचमन बदलला होता. "चाचा, ईद के बाद आना."

मेस्त्रींनी दाराच्या काचेला कपाळ टेकवलं. आत सगळा अंधार. "तो डावीकडचा कोपरा दिसतो का रे? तिथला सांधा..."

मुलगा घड्याळ बघत म्हणाला, "इट्स ओके, बाबा. मला फोटो पाठवा ना."

त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला मला. मेस्त्री आपले नुसते हसले.

ईद झाल्यावर ते फोटो काढायला गेले, तर आतलं सगळं तोडून ग्रॅनाइट बसवलेलं. "खलास," एवढंच मला म्हणाले. त्याच वर्षी नोकरी सोडून गावी गेले आणि पुढच्या वर्षी वारले.

दिवसकार्य झाल्यावर मुलाचा गावाहून फोन आला. कसले तरी फॉर्म भरत होता. "काका, बाबांचं ऑक्युपेशन काय टाकू? बिझनेस लिहिलं तर चालेल ना?"

सुतार लिही, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण पलीकडे पोर रडत होतं. माझ्या तोंडून निघालं, "चालेल." त्याची लाज मला अजून वाटते.