रांगेतलं इंग्रजी

लातूर जिल्हा नवाच झाला होता, अन् त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा. माणूस नसलं तरी त्याची घागर रांगेत उभी असायची. शेजारचे मास्तर मात्र घागरीपाशीच बसायचे अन् आम्हा बायांना इंग्रजी शिकवायचे.

“ब्रिंग आऊट म्हंजे आत जे हाय ते बाहेर आणणं. दुष्काळ माणसातला चांगुलपणा ब्रिंग आऊट करतो. आता तुम्ही वाक्य करा, मावशी.”

“आधी नळातून पाणी ब्रिंग आऊट करा, मास्तर!” मी म्हणायची.

मास्तर लई हसायचे.

एके दिवशी कोपऱ्यावरच्या बौद्ध घरातल्या सुनेची घागर पहिली होती. रांगेतल्या दोघींनी ती उचलून पार मागं ठेवली.

“मास्तर, तुमी बघितलंय. माझीच पहिली होती न्हवं?”

मी म्हटलं, “हाव, होती की!” पण माझं कोण ऐकतंय? गल्लीत शब्द चालायचा तो मास्तरांचा. ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले. तिची पाळी येईस्तोवर टँकर रिकामा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आपली घागर सगळ्यांच्या मागं ठेवू लागले. वाक्य करा म्हणून पुन्हा कुणाला म्हणाले नाहीत. माझं ‘ब्रिंग आऊट’चं वाक्य आता तयार होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून बोलवेना.