दार उघडणाऱ्याचे सासरे

आमच्या गल्लीतली निम्मी माणसं आज धडधाकट आहेत ती मास्तरांच्या पायाच्या पुण्याईने. मास्तर मोटार चालवायला शिकवतात. शाळेच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, आणि मागचा रस्ता दिसावा म्हणून वर त्यांच्यापुरता एक जादा आरसा. शिकाऊ माणूस खांबाला मिठी मारायला निघाला की मास्तरांचा पाय आपोआप खाली जातो. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा हनुवटीच्या वळणावर आला तरी खुर्चीत बसल्या बसल्या मास्तर ब्रेक दाबतात.

शिकवण्याची पद्धत जुनी, म्हणजे तोंडाची. "अरे गाढवा, सायकलवाल्याला पुरुषभर जागा सोड! तू पत्र्यात बसलायस, तो नुसत्या कातड्यात!" धडा संपून गाडी कडेला लागली की मास्तर आपल्या आरशात बघणार आणि मग म्हणणार, "हं, उतरा." त्याआधी दाराला कुणी हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्यामुळे मास्तरांचा शिष्य 'उतरा' ऐकलं की उतरतो. विचार वगैरे करत नाही.

यातलाच एक गाढव पुढे त्यांचा जावई झाला. अक्षता पडल्या आणि 'अरे गाढवा'चं 'अहो जावईबापू' झालं. बायको गेल्यावर मास्तर लेकीकडेच राहायला आले, आणि ज्याच्यावर ओरडताना तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या, त्याच्या घरात रेडिओसुद्धा विचारून लावू लागले. स्वयंपाकघराला लागून खोली मिळाली. खोली चांगली. फक्त मास्तर पाय पसरून झोपले की दार लागत नसे, आणि दार लावलं की मास्तर पसरत नसत.

एका सकाळी मास्तरांची दाढ ठणकायला लागली. जावईबापूंनी त्यांना आपल्या नव्या गाडीतून दाताच्या डॉक्टरकडे नेलं आणि गाडी कडेच्या कठड्याला अशी चिकटवून उभी केली की मास्तरांचं दार बोटभरही उघडेना. 'गाढवा' ओठांवर आलं होतं, ते मास्तरांनी दाढेखाली दाबलं. मग सवयीने मान वर करून जादा आरसा असायचा तिथे पाहिलं. तिथे आरसा नव्हता. नुसती काच होती आणि काचेत स्वच्छ, रिकामं आभाळ. मास्तरांना सगळं मोकळं दिसलं.

"हं, उतरा," मास्तर म्हणाले.

जावईबापूंनी दार उघडलं, आणि रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेल्या नर्सबाई त्या दारावर आदळल्या.

जावईबापू बाहेर धावले. मास्तर आतच. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला गिअरचा दांडा, पोटावर पट्टा. काचेतून त्यांना नर्सबाई दिसत होत्या. रस्त्यात बसून, एका हाताने दुसरा हात धरून त्या गर्दीवर ओरडत होत्या, "ओढू नका! मनगट गेलंय. मला कळतं त्यातलं!"

"बाई, गाड्यांना इतकं चिकटून चालवतात होय?" गर्दीतल्या एका शहाण्याने विचारलं.

"भरधाव आल्या हो!" जावईबापू म्हणाले.

आणि तेच त्यांनी चौकीतही सांगितलं. विमा कंपनीच्या माणसाला तर ते फारच आवडलं, कारण चूक नर्सबाईंची ठरली तर कंपनीला सुटल्यासारखं होणार होतं. आता साक्षीदार उरला एकच. त्याचा जबाब दुसऱ्या दिवशी दुपारी.

"बाबा, एवढंच म्हणायचं, ती जोरात आली," लेक म्हणाली.

"मला दिसलीच नाही ग ती."

"मग जोरात नव्हती, हे तरी कशावरून?"

ही पोरगी वकील व्हायची, चुकून शिक्षिका झाली. मास्तरांच्या दाढेलाही मग ठणकायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी फिरून येतो असं सांगून ते दवाखान्यात गेले. नर्सबाई स्वतःच्याच वॉर्डात पडल्या होत्या आणि चादर कशी घालायची यावरून मैत्रिणींना झापत होत्या. मास्तरांना बघून थांबल्या.

"तुम्ही आत अडकलेले काका ना?"

"हो."

"मला सांगा काका, मी चालवू तरी कुठून? मधून गेले की मागचे हॉर्न मारतात, बाजूला हो. बाजूला झाले की ही दारं. आणि आता आमच्या वॉर्डातल्या आयासुद्धा म्हणतात, ताई, तुमचंच चुकलं. मनगट जुळेल. पण सुई पूर्वीसारखी धरता येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. माझं सगळं पोट त्या सुईच्या टोकावर आहे."

मास्तरांनी रात्रभर एक बेत रचला. बेत साधा होता: हुकूम आपला, तर गुन्हा आपला. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. नर्सबाई सुटतील, जावईबापूही सुटतील. दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता सकाळीच चौकीत हजर झाले.

"साहेब, मी आरशात न बघता 'उतरा' म्हणालो. अटक करा."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "गाडी तुमच्या शाळेची होती का?"

"नाही, जावयांची."

"त्यांच्याकडे परवाना आहे?"

"आहे ना. मीच शिकवलंय."

"चांगलं शिकवलंय?"

मास्तरांचा अभिमान नको तिथे जागा झाला. "अगदी चांगलं!"

"मग दार उघडण्याआधी मागे बघायचं काम दार उघडणाऱ्याचं. सासरा काय म्हणाला, ते कायदा विचारत नाही. त्यांनी बघितलं का मागे?"

मास्तर भिंतीकडे बघू लागले. टेबलाखाली त्यांचा पाय जमिनीत रुतला होता, पण गाडी काही थांबेना.

"काका, बघितलं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "दोघांनीही नाही."

साहेबांनी त्यातलं जावयापुरतं लिहून घेतलं. मास्तरांचा वाटा कुणालाच नको होता.

दुपारी जावईबापूंना चौकीत बोलावणं आलं, आणि ते परतले ते सगळं ऐकूनच. रात्री लेकीने दोघांची ताटं वाढली आणि स्वतः जेवणार नाही म्हणून आत गेली.

"निदान मला आधी सांगायचं होतंत, बाबा," जावईबापू म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणणारच ना!"

"आणि मी ऐकलं असतं, जावईबापू. या घरात आल्यापासून तुमचं ऐकण्याशिवाय मी दुसरं काय करतो?"

जावईबापू जागचे उठले नाहीत. मास्तरही उठले नाहीत, कारण उठून जायचं ते त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत. दोघांचे उष्टे हात वाळून गेले, तरी आधी कोणी उठायचं ते ठरेना.