आमची डिझेल गाडी आणि चवथीची मुदत

गाडी वेगानं पळणारी असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. माणूस बसला, उतरला, विषय संपला. पण आमची डिझेल इतकी सावकाश चालायची की पेडण्याहून म्हापशाला पोचेस्तोवर आत काही ना काही होऊन जायचंच. तेव्हा आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याचा चहा संपायच्या आत गाडीचा किस्सा निघाला नाही, असं होत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहिण्यात चुका असतील, पण घडलेल्यात एक अक्षर खोटं नाही.

गोवा राज्य झालं त्या वर्षी गाडी आमच्या दारात आली. पोरगी तेव्हा तीन महिन्यांची. आमचे हे त्याआधी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. सगळी धुळीची कामं, आणि ट्रकांची ती शर्यत! माझा जीव टांगणीला लागायचा, म्हणून मीच मागे लागले आणि त्यांनी ट्रक सोडून ही सेकंडहँड गाडी टॅक्सीसाठी घेतली. डिझेलच्या छोट्या गाड्या तेव्हा नव्यानं दिसायला लागल्या होत्या. त्यांना ओढ म्हणून नसते, हे मात्र घेतल्यावर कळलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहिल्या दिवशीच म्हणाले, "बरी नोकरी सोडून म्हैस हाडली." त्यांनी मुदत घातली. "फुडल्या चवथीमेरेन चलय. भाडी मिळाली तर बरां. नायतर गाडी विकून मुरगावाक जा. बंदरार माझ्या वळखीचो मुकादम आसा." आणि शपथ घातल्यासारखे ते त्या गाडीत कधी बसले नाहीत.

मुरगावला काम म्हणजे तिकडेच राहायचं, महिन्यातून एकदा घरी. आणि मी अशी की पोर दोनदा शिंकली तरी ह्यांना झोपेतून उठवणार. त्यामुळे गाडीची कुठे फजिती झाली की गाव हसायचा आणि मी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, किती लांब आहे ते बोटांवर मोजायची.

* * *

मोप्याच्या चढावर पहिल्याच महिन्यात घडलेली गोष्ट. गाडीत एक म्हातारी आजी, तिची लेक आणि पुढे पोरीला घेऊन मी. गाडी पहिल्या गिअरमध्ये, आवाज असा की आम्ही उडतोय, आणि बाहेर काजूची झाडं जागची हलत नव्हती.

मागून पोदेराचा भोंपू वाजला. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. तो आमच्या बरोबरीला आला, खिडकीला एक हात धरला आणि पेडल मारायचं सोडून दिलं. मला वाटलं, निदान कुणाला तरी आमची गाडी ओढते आहे!

आजीनं विचारलं, "पोळी आसा रे?"

त्यानं टोपलीवरचं प्लॅस्टिक बाजूला करून पोळ्या, म्हणजे कोंड्याचे चपटे पाव, दिले. आजीनं त्या दाबून पाहिल्या. "ह्यो कडक. मऊ दी." त्यानं त्या परत घेऊन मऊ दिल्या. मग लेकीला उंडे, म्हणजे गोल पाव, पाहिजे झाले. तेही झाले. मग आजीनं त्याच्या आईची तब्येत विचारली.

शेवटी पोदेर ह्यांना म्हणाला, "दादा, माका वेळ जाता," आणि हात सोडून पेडल मारत आमच्या पुढे निघून गेला. चढावर!

* * *

ह्या गाडीची एक खोड. चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. डॅशबोर्डखाली एक काळी मूठ असते, ती ओढली की इंजिन थांबतं. आम्हाला सवय झालेली, पण साखळीहून माझा भाऊ आला त्याला कोण सांगणार? तो आयुष्यभर पेट्रोलवाला.

त्यानं हौसेनं गाडी बाजारातून दारापर्यंत आणली, चावी काढून खिशात टाकली आणि चहाला येऊन बसला. मी पोरीला घेऊन गाडीतच बसले होते, कारण ती नुकती गप्प झाली होती. गाडी धडधडतेच आहे. भाऊ उठला, चावी घालून फिरवली, काढली. धडधड चालूच. परत घातली, परत काढली. मग चावी हातात धरून तो गाडीपासून चार पावलं मागे सरकला.

मी सांगायला तोंड उघडलं, पण आतून माझा आवाज कुणाला ऐकू जातो? आणि मूठ मी ओढली असती तर पोर परत रडली असती. तोवर सासूबाई मीठ-मिरच्या घेऊन बाहेर आल्या. "कोणाची तरी नजर लागली." त्यांनी बॉनेटवरून ओवाळायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ओवाळताना माझ्या मांडीवरच्या पोरीनं हात घालून ती काळी मूठ ओढली.

गाडी गप्प!

सासूबाईंनी मिरच्या चुलीत टाकल्या आणि भावाला म्हणाल्या, "बघ. ठसका सुद्धा लागला नाय. केवढी नजर होती." आजही त्यांना कुणी खरं सांगितलेलं नाही.

* * *

राजभाषेच्या वादात तेव्हा घराघरात दोन बाजू होत्या. मी माहेराहून परत येताना ह्यांना साखळीला पणजीची दोन माणसं मिळाली. एक दुकानदार, कोकणीवाला. एक मास्तर, मराठीवाले. मला वाटेत म्हापशाला उतरवायचं ठरलं. दार लागायच्या आत दोघांची जुंपली.

डिचोली येईस्तोवर दोघांचे सगळे मुद्दे संपले. फास्ट गाडी असती तर तोवर पणजी आली असती. पण आमच्यामुळे त्यांना तेच मुद्दे पहिल्यापासून मांडावे लागले. दुसऱ्या फेरीत तर दोघंही तापले. मास्तर आवेशात मराठीची बाजू कोकणीतून मांडू लागले, आणि दुकानदार टेबलावर आपटावी तशी सीटवर मूठ आपटून शुद्ध मराठीतून कोकणीची!

आमच्या ह्यांनी आरशात बघून विचारलं, "बाजू बदलली काय?"

मग दोघं रुसले. एक ह्या खिडकीकडे, एक त्या खिडकीकडे. पण आमच्या गाडीत रुसायलाही वेळ पुरून उरतो. थोड्या वेळानं मास्तरांनी विचारलं, "मुलं किती?" म्हापशाला मी उतरले तेव्हा दुकानदाराची मुलगी आणि मास्तरांचा भाचा इथवर गोष्ट आली होती. पणजीला पोचून हात मिळवले, असं ह्यांनी सांगितलं. लग्नही झालं.

वऱ्हाडासाठी मात्र त्यांनी जीप केली.

* * *

आमची पोर गाडी चालू असली की शांत झोपायची. त्या इंजिनाचं थरथरणं तिला पाळण्यापेक्षा बरं लागायचं. हे शेजारी कळलं. सकाळी हे इंजिन तापायला सुरू करून ठेवायचे. एका सकाळी शेजारीण आपला रडका मुलगा घेऊन आली, "जरा पाच मिनिटां ठेवू?" दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. हे दात घासून बाहेर आले तर मागच्या सीटवर ओळीनं चार पोरं!

तेवढ्यात भाडं आलं. कोलवाळला जायचं होतं त्या माणसाला. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "गाडी भरली?"

हे काय सांगणार? एकाला उचललं तर चौघं उठणार. तो माणूस पायाच्या बोटांवर चालत निघून गेला. मामंजी ओसरीवरून बघत होते. त्यांनी आत जाऊन कॅलेंडरचं चवथीचं पान काढलं. मला ते बोलण्यापेक्षा लागलं.

* * *

सगळ्यात वाईट झालं ते नवऱ्यामुलाच्या गाडीचं. पहिल्यांदाच लग्नाचं भाडं मिळालं होतं. मी स्वतः बॉनेटला झेंडूच्या माळा बांधल्या. वाटलं, हे एक नीट पार पडलं की लग्नाची भाडी येत राहतील आणि मुरगाव टळेल.

बँडवाल्यांचा टेम्पो आमच्या मागे होता. पहिल्या चढाला त्यांनी हॉर्न दिला, दुसऱ्याला शिट्ट्या मारल्या, तिसऱ्याला पुढे निघून गेले. मांडवापाशी पोचल्यावर त्यांनी शिस्तीत वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणजे नवरा आला. मुलीची आई आरतीचं ताट घेऊन धावत बाहेर आली. समोर बँडमास्तर उभा. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. त्या बाईचा चष्मा घाईत आत राहिलेला.

तिनं त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात पेढा घातला. बँडमास्तर भला माणूस. तोंडात पेढा असताना तो बोलणार काय?

आम्ही पोचलो तेव्हा ताटातला दिवा विझला होता. नवऱ्यामुलाला उरलेला अर्धा पेढा मिळाला.

ही गोष्ट पेडण्याच्या बाजारात आमच्या आधी पोचली. त्यानंतर लग्नाचं भाडं म्हणून आलं नाही, आणि चवथ तीन आठवड्यांवर होती.

* * *

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ह्यांची पेटी भरली. देव पोचवले, म्हणजे विसर्जन झालं, की दुसऱ्या दिवशी मुरगाव. चार शर्ट, दोन पँटी, टॉवेल. मुकादमाला निरोप गेला होता. मी घडी घालत होते आणि पोर एकेक कपडा बाहेर काढत होती. मी तिला ओरडले नाही.

आमचा गणपती शेजारच्या गावच्या चित्रशाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मामंजी स्वतः डोक्यावरून आणायचे, चालत. दरवर्षी. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला होता. शेजारच्या जीपवाल्यानं विचारलं, तर म्हणाले, "गेल्या वर्सा तुझ्या जीपीत एका देवाचो हात मोडलो. माका नको." मग लंगडत गाडीभोवती फिरून आले. आणि ह्यांना म्हणाले, "चल. पण सांभाळून."

असे ते पहिल्यांदा त्या गाडीत बसले. गेले, आणि गणपती मांडीवर धरून आले. मी दारात उभी. गाडी थांबली तरी ते उतरेनात. गणपतीची सोंड बघितली, बोटं बघितली, उंदराचे कान बघितले.

"एक चीर नाय," ते सासूबाईंना म्हणाले. "रंगाचो टवको सुद्धा उडूक नाय."

देव पाटावर बसवून त्यांनी मला हाक मारली. "सूनबाय, ती पेटी खाली कर."

"कसली पेटी?"

"त्याची. कपडे भायर काढ, पेटी स्वच्छ धू आणि पेंढो भरून हाड. चित्रशाळेत तीन घरची माणसां थांबलीहत. म्हणतत, आमचेय देव तुमच्याच गाडीतून न्हेया. सगळे माझ्या मांडयेर कशे मावतले?"

"आणि मुरगाव?" सासूबाईंनी विचारलं.

"मुरगावाक कोणाचो गणपती जायना," मामंजी म्हणाले. "तू पेंढो हाड."

मी पेटीतले कपडे काढले. कसे काढले, कुठे टाकले, आठवत नाही. पेटी धुतली, पेंढा भरला. पेटी धरायला दुसऱ्या बाजूनं माणूस पाहिजे म्हणून पोरीला सासूबाईंकडे देऊन मीही निघाले.

चित्रशाळेत पहिला गणपती पेटीत उभा केला. सभोवती पेंढा दाबला. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं मामंजींनी. ह्यांनी इंजिन तापवायचा हीटर दिला, इंजिन सुरू केलं. गाडी धडधडू लागली. मामंजींनी डोळे घट्ट मिटले.

"हळू चलय रे."

ह्यांनी आरशात बघितलं.

"हळू म्हटलां मां? देव आसा."

मी खिडकीबाहेर बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"अरे, आणखी हळू!"

ह्यांनी मान वळवली. "बाबा," ते म्हणाले, "गाडी अजून उभी आसा."