कुंडीतलं शेवाळ

सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्या मोठ्या जाऊबाईंकडे गेल्या आणि मला मिळाली अंगणातली दगडी कुंडी, आतल्या पाच माशांसकट. आमचं तळोद्यातलं जैन व्यापाऱ्याचं घर. आटत्या डोहातून जीवदया म्हणून वाचवून आणलेले ते मासे. सासूबाई अंथरुणाला होत्या तोवर कुंडीला कुणी हात लावला नव्हता. आता जाऊबाई ती रोज काथ्यानं घासू लागल्या. शेवाळात अनंत जीव असतात, म्हणून ते धरूच द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. वर कणकेच्या गोळ्या टाकायच्या. गोळ्या तळाशी आंबायच्या आणि मासे वाळत चालले.

एकदा मी एक मासा ओंजळीत धरून उलटा केला. तोंड खालच्या बाजूला, ओठ जाड! माझं माहेर तापीकाठी, सारंगखेड्याला. असे मासे घाटाच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून खाताना मी लहानपणापासून पाहिले होते.

"काथ्या ठेवा खाली, जाऊबाई," मी म्हणाले. "हे मासे शेवाळावरच जगतात."

"आणि त्यातल्या जिवांचं काय?"

"मग मासे जीव नाहीत?"

काथ्या मी उचलूनच ठेवला आणि महिनाभर आमचा अबोला होता. शेजारीण भिंतीवरून ओरडायची, "पानी बदल वं माय, कितलं हिरवं व्हई गयं!" मी ढिम्म हलले नाही. मासे अंगानं भरले आणि श्रावणात कुंडीभर पिल्लं झाली.

जाऊबाईंच्या पाटल्या अजून दोनच आहेत.